ज्योतिर्विद कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित : पंचांगाचा इतिहास लिहिणारा शिक्षक

देवस्थानच्या कार्यालयात वर्षाकाठी काही प्रश्न नेमाने विचारले जातात. अमुक पंचांगात एकादशी आज आहे आणि तमुक पंचांगात उद्या, हे कसे? दिनमान डिसेंबरअखेरीसच वाढू लागते, मग मकर संक्रांत जानेवारीच्या मध्यावर का? अधिक मासाचा निर्णय कोण करतो? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी तोंडी देण्यापेक्षा, ज्या पुरुषाने या विषयाचा समग्र इतिहास प्रथम मराठीत लिहिला त्याचे चरित्रच भाविकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्यांचे नाव. अभ्यासकांमध्ये ते सुप्रसिद्ध आहे. परंतु आपल्या घराघरांत भिंतीवर पंचांग टांगलेले असूनही या नावाची ओळख मात्र सर्वांना नसते.

दीक्षितांचा जन्म शके १७७५ च्या आषाढात, म्हणजे जुलै १८५३ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरुड या गावी झाला. समुद्रकाठचे हे गाव. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच मुरुडात गेले. (जंजिरा किल्ल्यासमोरचे मुरुड वेगळे. त्याच्या जवळच्या नांदगावी ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ होऊन गेले. दोन मुरुडांची गल्लत अनेकांकडून होते, म्हणून हा खुलासा.) गावच्या शाळेत मराठी शिक्षण आणि घरच्या परंपरेप्रमाणे थोडे संस्कृत व वेदाध्ययन झाल्यावर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. तेथे शिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण करून १८७४ साली ते मॅट्रिक झाले. विद्यापीठाचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. ज्यांच्या गणितावर पुढे युरोपातील पंडितांनी विसंबून राहावे, त्यांच्या नावापुढे कोणतीही पदवी नव्हती.

त्यांची सारी नोकरी शिक्षकाची. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुण्याचे तेच ट्रेनिंग कॉलेज, असा तिचा क्रम आहे. बदलीच्या गावी ग्रंथालय नसावे, वेधशाळा तर नाहीच, आणि दिवसभर वर्गात मुले. मुलांसाठी व सामान्य वाचकांसाठी त्यांनी पुस्तकेही लिहिली. ‘सृष्टिचमत्कार’ १८८२ साली निघाले आणि ‘ज्योतिर्विलास’ १८९२ साली. दुसऱ्या पुस्तकाला त्यांनी ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे पर्यायी नाव दिले. आकाशाकडे पाहण्यास मौज म्हणणारा हा लेखक रुक्ष गणिती नव्हता, एवढे त्या नावावरूनही कळते. १८९५ साली त्यांचे ‘धर्ममीमांसा’ प्रसिद्ध झाले.

त्या काळी महाराष्ट्रात पंचांगाचा वाद ऐन भरात होता. तो समजून घेतल्याशिवाय दीक्षितांचे कार्य नीट कळणार नाही, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात व आपल्या माळव्यातील मराठी घरांतही पंचांगे शतकानुशतके ग्रहलाघवावरून होत असत. गणेश दैवज्ञांनी हा करणग्रंथ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० मध्ये रचला. भुजज्या-कोटिज्यांची अवघड आकडेमोड टाळून साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढण्याची त्यांची रीत इतकी सोयीची होती की गावोगावचे जोशी ती मुखोद्गत करीत. तथापि कोणत्याही गणितात वर्षामागून वर्षे सूक्ष्म चूक साठत जाते. साडेतीनशे वर्षांनी ग्रहलाघवाने काढलेली ग्रहणे, ग्रहांचे उदयास्त आणि तिथींच्या घटका आकाशाशी जुळेनाशा झाल्या. इंग्रजी शिकलेल्या गणितज्ञांच्या हाती तेव्हा नाविक पंचांग होते, आणि दोहोंतील फरक कोणालाही पडताळून पाहता येत होता.

प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधाराने मराठीत ग्रहसाधनाची कोष्टके तयार केली. १८६५ पासून त्यांचे नवे पंचांग निघू लागले. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठिंब्यामुळे ते पटवर्धनी पंचांग या नावाने ओळखले गेले. त्यात ग्रहस्थिती आकाशाप्रमाणे होती आणि राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून धरला होता. यावर विसाजी रघुनाथ लेले यांनी आक्षेप घेतला. लेले मूळचे नाशिकचे, नोकरीनिमित्त ग्वाल्हेरीस होते. त्यांचे म्हणणे असे की, सुधारणा करावयाचीच तर अर्धवट कशाला? सूर्य विषुववृत्तावर येतो तो बिंदू हाच मेषारंभ मानावा, म्हणजे पंचांग सायन करावे. ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक त्यांच्या बाजूचे झाले. वृत्तपत्रांतून हा वाद वर्षानुवर्षे चालला. तो वाचता वाचता तरुण दीक्षित या शास्त्राकडे ओढले गेले, आणि लेले-मोडकांबरोबर सायन पंचांग काढणाऱ्यांत तेही सामील झाले.

सायन व निरयन यांतील भेद थोडक्यात असा. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अतिशय सावकाश फिरतो. त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. सुमारे ७२ वर्षांत एक अंश होतो. ऋतू संपातावर अवलंबून असतात, नक्षत्रे मात्र जागच्या जागी राहतात. म्हणून ताऱ्यांवरून वर्ष मोजले तर ऋतू हळूहळू सुटत जातात, आणि ऋतूंवरून मोजले तर तारे सुटतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३ होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. दीक्षितांचे प्रतिपादन असे होते की वेदांतील मधु, माधव ही मासनामे ऋतूंची आहेत. आपली व्रते व सण ऋतूंशी बांधलेले आहेत. निरयन गणना अशीच चालू राहिली तर कालांतराने वसंताचे सण पावसाळ्यात येतील. उलट पक्षाचा आक्षेपही खोटा नव्हता. सायन पद्धतीत अश्विनी नक्षत्र म्हणून जो विभाग येतो, त्यात अश्विनीचे तारेच नसतात. ही अडचण दीक्षित जाणून होते. हा वाद केवळ पंडितांचा होता असे समजण्याचे कारण नाही. कोणत्या दिवशी उपवास करावा, श्राद्धाची तिथी कोणती धरावी, हे प्रत्येक घराचे प्रश्न त्यात गुंतलेले होते.

आता माळव्यातील वाचकांस विशेष जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळतो. दीक्षित बार्शीस शिक्षक असताना जे. एफ. फ्लीट हे इंग्रज अधिकारी गुप्त राजांच्या शिलालेखांचा मोठा संग्रह संपादित करीत होते. चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, कुमारगुप्त ही नावे ठाऊक होती. त्यांच्या लेखांवर वर्षांचे आकडेही होते. परंतु तो गुप्तसंवत केव्हा सुरू झाला हेच निश्चित नव्हते. कोणी तो शककालाबरोबरच, म्हणजे इ. स. ७८ च्या सुमारास धरीत. कनिंगहॅम तो १६६ च्या सुमारास धरीत. अल्बेरुणीने तो शककालानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे नमूद केले होते, म्हणजे इ. स. ३१९. या तीन मतांत अडीचशे वर्षांचे अंतर पडते. आपल्या इतिहासातील सर्वांत वैभवशाली मानला जाणारा काळ अडीच शतके मागे-पुढे डोलत होता.

या प्रश्नाचा उलगडा आपल्या मंदसोरच्या एका मंदिराच्या लेखाने झाला. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशमी वस्त्रे विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास, म्हणजे मंदसोरास येऊन स्थायिक झाली. त्या विणकरांनी तेथे सूर्यमंदिर बांधले. कुमारगुप्ताच्या राजवटीत मालव संवत ४९३ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली आणि संवत ५२९ मध्ये जीर्णोद्धार. लेखाचा कवी वत्सभट्टी. मालव संवत म्हणजेच विक्रम संवत. त्यानुसार कुमारगुप्त इ. स. ४३६-३७ मध्ये राज्य करीत होता. त्याच कुमारगुप्ताचे इतर लेख गुप्तसंवत ९६ पासून १२९ पर्यंतचे आहेत. या वर्षांत ३१९ मिळविले की ४१५ ते ४४८ हा काळ येतो, आणि ४३६ त्यात नेमके बसते. शेकडो मैल चालून आलेल्या विणकरांनी देवाला अर्पण केलेल्या वास्तूने राजांच्या कालगणनेची किल्ली हाती दिली.

परंतु स्थूल मेळ बसला म्हणजे सिद्धी झाली असे नाही. वर्षाचा आरंभ चैत्रात की कार्तिकात, वर्ष चालू की गत, हे ठरविण्यासाठी तिथी-वारांचे गणित हवे होते. ते गणित दीक्षितांनी केले. सागर जिल्ह्यातील एरण येथे मातृविष्णू व धन्यविष्णू या बंधूंनी भगवान विष्णूचा ध्वजस्तंभ उभारला. त्यावर बुधगुप्ताच्या काळचे वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. दीक्षितांनी हिशेब केला आणि तो दिवस २१ जून ४८४ हा निघाला. वार गुरुवारच. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याच्या तिथीला, हा स्तंभ उभारला गेला होता हे वाचून मराठी भाविकास काय वाटेल ते आम्ही वेगळे सांगत नाही.

वार सातच असल्यामुळे एखादा वार योगायोगानेही जुळू शकतो, हे दीक्षितांना ठाऊक होते. म्हणून एका लेखावर न थांबता त्यांनी इतर लेखांच्या तिथी तपासल्या. परिव्राजक राजे हस्ती व संक्षोभ यांच्या ताम्रपटांत महावैशाख, महाआश्वयुज अशी संवत्सरांची नावे येतात. ही बृहस्पतीच्या बारा वर्षांच्या चक्राची नावे होत. गुरू सूर्यप्रकाशातून बाहेर पडून पहाटे पुन्हा दिसू लागतो तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल, त्यावरून ते संवत्सर ठरते. ही रीत ग्रंथांत होती, पण व्यवहारातून लोपली होती. दीक्षितांनी त्या त्या वर्षी गुरूचा उदय केव्हा व कोणत्या नक्षत्रात झाला हे गणिताने काढून ताम्रपटांतील नावांशी पडताळून दाखविले. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या बार्हस्पत्य चक्रावरील दीक्षितांचे विवेचन परिशिष्ट म्हणून छापलेले आहे. आज शाळेतील मुले गुप्तकालाच्या सनावळ्या पाठ करतात, त्यांच्या मुळाशी बार्शीच्या शाळेतील एका शिक्षकाची आकडेमोड आहे.

हेच काम व्यापक प्रमाणावर त्यांनी मद्रास इलाख्यातील अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत केले. दोघांचा भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ १८९६ साली लंडनमध्ये निघाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या कोणत्याही हिंदू अथवा मुसलमानी मितीची इंग्रजी तारीख त्यातील कोष्टकांवरून काढता येते. अधिक मास व क्षय मास कोणत्या वर्षी आले याची सारणी त्यात आहे, आणि ग्रहणांची कोष्टके रॉबर्ट श्राम यांची आहेत. एखाद्या मंदिराच्या शिलालेखावरील मिती कोणत्या दिवसाची हे ठरविताना पुराभिलेखज्ञ अनेक दशके हाच ग्रंथ उघडीत असत.

१८९६ हेच वर्ष त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या प्रकाशनाचेही आहे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’. दक्षिणा प्राइज कमिटीने या विषयावर ग्रंथ मागविला होता. त्यानिमित्ताने लेखन सुरू झाले, १८८८ च्या सुमारास ते पूर्ण झाले, कमिटीचे पारितोषिक मिळाले, आणि छापून येण्यास आणखी काही वर्षे लागली. इंग्रजीत लिहिणे त्यांस अशक्य नव्हते. त्यांचे शोधनिबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त इंग्रजीतच येत होते. तरीही हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा निर्णय होय. ज्या लोकांचे हे पंचांग, त्यांच्याच भाषेत त्याचा हिशेब मांडला गेला.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात वैदिक काल व वेदांगकाल येतो. संहिता, ब्राह्मणे, वेदांगज्योतिष, स्मृती, महाभारत यांत ज्योतिषाचे जे जे उल्लेख आहेत ते गोळा करून त्यांनी त्यांचा अर्थ लावला. दुसऱ्यात सिद्धान्तकाल आहे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापासून स्वतःच्या समकालीनांपर्यंत प्रत्येक ज्योतिषाचा काल, कुल, स्थान, ग्रंथ व त्यातील विशेष ते देतात. मोठ्या नावांबरोबर लहान करणग्रंथ लिहिणारे, टीकाकार, मुहूर्तग्रंथांचे कर्तेही त्यात आहेत. कित्येकांची नावे आज केवळ या ग्रंथामुळे उरली आहेत.

माळव्याच्या वाचकाने हा ग्रंथ उघडला तर त्यास पानोपानी आपला प्रदेश भेटतो. जुन्या ज्योतिषाची मध्यरेषा लंकेवरून उज्जयिनी व कुरुक्षेत्रावरून मेरूपर्यंत जाते. म्हणजे आपल्यापासून अवघ्या ५५ किलोमीटरवरची अवंतिका हे साऱ्या गणिताचे आरंभस्थान. वराहमिहिर अवंतीचे. त्यांच्या पंचसिद्धांतिकेचे गणित शके ४२७ पासून सुरू होते. धारच्या भोजराजाच्या नावावर ‘राजमृगांक’ हा करणग्रंथ आहे. त्याचा आरंभकाल शके ९६४, इ. स. १०४२. चाळीसगावजवळच्या पाटण येथील भवानीमंदिरात भास्कराचार्यांच्या नातवाने लावलेला शिलालेख आहे. त्यानुसार भास्कराचार्यांच्या एका पूर्वजास भोजानेच विद्यापती ही पदवी दिली होती. इंदूर-भोपाळ मार्गावरच्या सीहोरचेही नाते या इतिहासाशी आहे. काशीचे प्रख्यात बापूदेव शास्त्री जन्माने महाराष्ट्रीय, पण त्यांचे ज्योतिषाचे अध्ययन सीहोरला लान्सलॉट विल्किन्सन यांच्या पाठशाळेत झाले.

भोजाचा ग्रंथ येथे मुद्दाम सांगितला. त्यात बीजसंस्कार दिला आहे, म्हणजे जुन्या सिद्धान्तातून आलेल्या ग्रहांस आकाशाशी जुळविण्यासाठी करावयाची दुरुस्ती. दीक्षितांच्या साऱ्या ग्रंथातून हेच सूत्र दिसत राहते. पंचसिद्धांतिकेत वराहमिहिराने पाच सिद्धान्त शेजारीशेजारी ठेवले आणि त्यांतील कोणता अधिक स्पष्ट ते निःसंकोच सांगितले. त्याच्याजवळचा सूर्यसिद्धान्त व आज प्रचलित असलेला सूर्यसिद्धान्त एक नाहीत, दोहोंचे आकडे वेगळे आहेत, हे दीक्षितांनी गणित करून मांडले. गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत. गणेशांनी सूर्य एका सिद्धान्ताचा, दुसरा ग्रह दुसऱ्याचा, असे आकाशाशी जुळतील ते आकडे निवडून ग्रहलाघव रचले. ज्या ग्रंथाला चिकटून राहण्यास लोक परंपरा म्हणत होते, तो ग्रंथ स्वतःच्या काळी सुधारणा होता. दीक्षितांनी हे आवेशाने सांगितले नाही. माणसे व त्यांचे ग्रंथ काळाच्या क्रमाने मांडले. वाचकाला ते आपोआप दिसते.

त्यांच्या एका शोधाची चर्चा अजूनही चालते, तो थोडा विस्ताराने देतो. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधान कृत्तिका नक्षत्रावर करावे असे सांगताना, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत, अशा अर्थाचे विधान आहे. अनेकांनी ते वाचले होते. दीक्षितांनी त्याचा ज्योतिषशास्त्रीय अर्थ विचारला. तारा बरोबर पूर्वेस उगवतो याचा अर्थ तो विषुववृत्तावर आहे. आज कृत्तिका विषुववृत्ताच्या सुमारे २४ अंश उत्तरेस आहेत. कार्तिकातल्या संध्याकाळी आपल्या गच्चीवरून पाहिले तर इंदूरच्या अक्षांशावर त्या ठीक पूर्वेपासून सुमारे २६ अंश उत्तरेकडे उगवताना दिसतात. संपातचलनाचे गणित मागे मागे नेले असता त्या विषुववृत्तावर होत्या तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या आसपास येतो. हा निबंध १८९५ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ त्याआधी दोनच वर्षे निघाला होता. त्यामुळे वेदकालाच्या प्रश्नास मोठीच चालना मिळाली.

या निष्कर्षावर पुढे मतभेद झाले, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. ग्रंथात नोंदलेले निरीक्षण ग्रंथाहून जुने, परंपरेने आलेले असू शकते. ते विधान इतक्या काटेकोर अर्थाने घ्यावे की नाही यावरही अनेक पाश्चात्त्य व भारतीय अभ्यासकांनी शंका घेतली आहे. भाषा व संस्कृती यांच्या आधारे बहुतेक विद्वान शतपथ ब्राह्मणाची रचना इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकात ठेवतात. समाजमाध्यमांवर हाच आकडा सर्व वेदांचे सिद्ध झालेले वय म्हणून फिरताना दिसतो. दीक्षितांच्या लेखनात मात्र प्रत्येक अनुमानाबरोबर त्याचा आधार आणि गणित दिलेले असते. ज्यास पटणार नाही त्याने ते तपासून खोडावे, अशी त्यांची मांडणी आहे. हा फरक भाविकांनी ध्यानात ठेवावा असे आम्ही सुचवू.

ग्रीकांच्या ऋणाविषयीही त्यांची भूमिका अशीच होती. तत्कालीन युरोपीय पंडितांपैकी कित्येक आपले सारे गणितज्योतिष यवनांकडून आले असे म्हणत. उलट आपल्याकडील अभिमानी मंडळी काहीच बाहेरून आले नाही असे म्हणत. दीक्षितांनी रोमक व पौलिश सिद्धान्तांचे आकडे तपासले, केंद्र हा शब्द मूळचा ग्रीक आहे हे मान्य केले, आणि त्या कल्पनेपुरते बाहेरचे साहाय्य संभवते, पण ग्रहगतींचे आकडे व त्यांची उभारणी आपल्या लोकांची स्वतंत्र, असा निर्वाळा दिला. पुढील संशोधनाने ग्रीक व बाबिलोनी संबंध त्यांनी मानला त्याहून अधिक दाखविले आहेत. त्या काळच्या साधनांवर मात्र दोन्ही टोके टाळून असा निर्णय देणे सोपे नव्हते. परकी राज्य असताना तर नव्हतेच.

याहून आम्हांस अधिक मोलाची वाटते ती एक गोष्ट. दीक्षित स्वतः सायनवादी होते. तरीही आपल्या इतिहासात त्यांनी केरोपंत छत्र्यांच्या पंचांगाची, ग्रहलाघवी पंचांगाची, काशीकडील आणि दक्षिणेकडील पंचांगांची हकीकत प्रामाणिकपणे दिली, त्यांचे गुण सांगितले आणि आपले मत वेगळे मांडले. ज्या वादात माणसे एकमेकांस नास्तिक ठरवीत होती, त्या वादाचा एक पक्षकार त्याच वादाचा विश्वासू इतिहासकारही झाला.

ग्रंथ निघाल्यावर त्यांस फार दिवस लाभले नाहीत. एप्रिल १८९८ मध्ये, वयाची ४५ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. सहकारी लेले १८९५ सालीच गेले होते.

सायन पंचांगाचा पक्ष महाराष्ट्रात बळावला नाही. १९०४ साली मुंबईस लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने ज्योतिषपरिषद भरली, आणि पुढे टिळक पंचांग रूढ झाले ते निरयनच, रेवतीच्या ताऱ्यापासून गणना करणारे. ग्रहस्थिती आकाशाशी जुळली पाहिजे हा आग्रह मात्र सर्वांनीच स्वीकारला. आज बहुतेक छापील पंचांगे ग्रहलाघवाने न होता सूक्ष्म दृक्गणिताने होतात. दोन पंचांगांत एकादशीचा फरक पडतो तो कधी गणितपद्धतीमुळे, कधी गावोगावच्या सूर्योदयाच्या वेळेमुळे, तर कधी स्मार्त-भागवत अशा धर्मशास्त्रीय निर्णयामुळे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. १९५५ च्या तिच्या अहवालात दीक्षितांच्या संशोधनाचा आधार घेतलेला आहे. २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली तिचे वर्ष सायन आहे आणि चैत्राचा आरंभ वसंतसंपातालगत आहे. नक्षत्रांच्या गणितासाठी मात्र समितीने चित्रा ताऱ्यावर बेतलेले अयनांश घेतले. आकाशवाणीवर तारखेसोबत सांगितली जाणारी शकाची मिती ती हीच. आपल्या मंदिरांतील उत्सव तिच्यावरून होत नाहीत, आणि संक्रांतीचे हळदीकुंकूही जानेवारीतच होते.

मराठी ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३१ साली निघाली. शिवनाथ झारखंडी यांनी केलेला हिंदी अनुवाद १९५७ साली उत्तर प्रदेशात प्रकाशित झाला. घरातील नव्या पिढीस मराठी ग्रंथभाषा जड जात असेल तर इंदूरच्या वाचकांनी तो अवश्य पाहावा. इंग्रजी अनुवाद भारत सरकारने दोन भागांत प्रसिद्ध केला, पहिला १९६९ साली आणि दुसरा १९८१ साली. अनुवादक प्रा. आर. व्ही. वैद्य. उज्जैनची, शिप्रेकाठची ती वेधशाळा सवाई जयसिंहांनी माळव्याचे सुभेदार असताना बांधली आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. श्रीजिवाजी वेधशाळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच वेधशाळेचे वैद्य हे अधीक्षक होते.